वेलींत थांब

आमच्याकडे बाप पोराला वाइनच्या धंद्यात घालतो तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो: घेताना तोंडात सफरचंद असावं, विकताना चीज. सफरचंदाची फोड खाऊन घोट घेतला की वाइनची सगळी लक्तरं बाहेर येतात. चीज खाऊन घेतला की झाकली मूठ. मी धंदेवाली नाही, स्वयंपाकीण आहे. भावाच्या वायनरीत गिऱ्हाइकांना जेवू घालण्यात माझा जन्म गेला. खरं सांगायचं तर इथली निम्मी वाइन माझ्या पातेल्यांनी खपवली. असं बोललं की गाल्द्रिक म्हणायचा, "ताई, तुझी पातेली माझ्या वाइनमुळे चाटूनपुसून जातात, उगाच मोठेपणा घेऊ नकोस." असं आमचं चालायचं. आता तो असलं काही बोलत नाही.

गाल्द्रिक माझा धाकटा भाऊ. त्याची बायको पोरं लहान असतानाच गेली, तेव्हापासून मातिल्द आणि जोफ्रेला मीच वाढवलं. लग्न केलं नाही, करायचंही नव्हतं. मातिल्द मोठी, ती तळघर सांभाळते, वाइन तीच करते. जोफ्रे बाहेरचं बघायचा, वेली, ट्रॅक्टर, छाटणी. होता तो. होता म्हणायची अजून जिभेला सवय नाही.

आग्ली नदीच्या खोऱ्यात लहान पोरालाही ठाऊक असतं की वेलींना आग लागत नाही. डोंगर पेटला, वारा उठला, तर रस्त्याने पळत सुटायचं नाही, सरळ द्राक्षबागेत शिरायचं. नांगरलेली उघडी जमीन आणि हिरव्या वेली, आग बांधापर्यंत येते आणि तिथेच बसते. आजोबा असेच वाचले, आमचा बापही वाचला. मागच्या ऑगस्टात डोंगर पेटला तेव्हा जोफ्रे पाण्याची टाकी लावलेला ट्रॅक्टर घेऊन वरच्या मळ्यात गेला होता. दुपारी त्याचा फोन आला. गाल्द्रिकने घेतला, मी शेजारीच मिरच्या भाजत होते, मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, वारा फिरलाय. खालचा रस्ता अजून मोकळा दिसतोय. येऊ का?"

"रस्त्यावर पाऊल टाकू नकोस," गाल्द्रिक म्हणाला. "वेलींत थांब."

"बरं. थांबतो."

मीसुद्धा म्हटलं, चला, पोरगा वेलींत आहे, काळजी नाही. आणि मिरच्या परतायला वळले.

आग बांधाशी थांबली, नेहमीसारखी. एक वेल जळाली नाही. पण वरचा मळा खोलगट आहे, वाटीसारखा, आणि वारा पडल्यावर सगळा धूर त्या वाटीत येऊन बसला. जोफ्रे ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसलेला सापडला. अंगावर भाजल्याची खूण नाही, सदऱ्याचं बटणही जागेवर. वरती द्राक्षं टपोरी, काळीभोर, तोडणीला आलेली.

तोडणी गावाने केली. आम्हाला कुणी विचारलंच नाही, शेजारीपाजारी कात्र्या आणि बादल्या घेऊन आले, दोन दिवसांत मळा मोकळा करून गेले. गाल्द्रिक तेव्हा फक्त एवढंच बोलला की वरच्या मळ्याची वाइन वेगळी ठेवा, दुसऱ्या कशात मिसळू नका. हिवाळ्यात एकदा जेवताना म्हणाला, "तिला जोफ्रेचं नाव द्यायचं. बाटलीवर. आणि लीव्हेनने ती न्यायची." लीव्हेन हा गेंटचा व्यापारी, दर वर्षी मे महिन्यात येतो आणि आमचा माल उत्तरेकडच्या मोठमोठ्या खाणावळींत पोचवतो. यापलीकडे गाल्द्रिक बोलायचाच नाही. सकाळी उठून तळघरात जायचा, तासभर तिथे बसायचा आणि वर येऊन खिडकीशी बसायचा. एक दिवस मातिल्दने त्याच्या शिकारीच्या बंदुकीची काडतुसं आणून माझ्या पिठाच्या डब्यात खुपसली. मी वर आणखी पीठ ओतलं.

फेब्रुवारीत मातिल्दने मला तळघरात बोलावलं. पिंपातून नळीने काढून अर्धा ग्लास हातात दिला. वास घेतला, काळी बोरं, थोडी मिरी, उन्हात तापलेली थाइम. आमचा मळाच. तोंडात घेतली, तीही गोड लागली.

"काय वाईट आहे हिच्यात?" मी म्हटलं.

"थांब जरा, आत्या."

थांबले. आणि मग जिभेच्या मागून ते वर आलं. विझलेल्या चुलीत पाणी ओतल्यावर जी राख होते ना, तिची चव. मी मोरीत थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली, तरी जाईना.

"धूर द्राक्षाच्या सालीत बसतो," मातिल्द म्हणाली. "वासाला कळत नाही. तोंडात गेल्यावर सुटतो. गिळलं तर आणखी वाईट."

"गाल्द्रिकला माहीत आहे?"

"बाबा पीतच नाहीत आता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात ना, त्यावर घ्यायची नाही म्हणून." ती पिंपाला पाठ लावून उभी राहिली. "लीव्हेनने नाही म्हटलं तर ही भट्टीत जाणार, आत्या. आटवून स्पिरिट करतील. जोफ्रेच्या नावाची वाइन हात धुवायच्या औषधात जाणार. हे बाबांना सांगायचं कुणी? तू सांगशील?"

"माझी छाती नाही," मी म्हटलं.

"माझीही नाही. एवढ्या एका गोष्टीवर ते जगताहेत. ही गेली की तेही गेले समज."

ती रडली नाही. मीही नाही. आम्ही दोघी त्या थंडीत उभ्या राहिलो आणि तिथेच ठरवून टाकलं की लीव्हेनला धूर कळू द्यायचा नाही. ज्याने वर्षानुवर्षं माझ्या हातचं खाल्लंय, त्याची जीभ मला त्याच्या आईपेक्षा जास्त ठाऊक होती.

मग मी कामाला लागले. कोलियूरचे खारवलेले मासे आणि भाजलेली लाल मिरची करून बघितली, आमच्या साध्या वाइनबरोबर ती जोडी म्हणजे लग्नाची जोडी, पण इथे मिठाने राख आणखी कडू झाली. मग कोकराची मांडी लसूण खुपसून भाजली. चरबीने निम्मं झाकलं, निम्मं उरलं. निळ्या बुरशीचं चीज लावलं तर घोटापुरतं सगळं गोड, पण चीज उतरलं की मागून राख हजर. पांढऱ्या घेवड्यात डुकराचं खारवलेलं मांस घालून शिजवलं, त्यावरचा घोट तर मलाच नको झाला. मातिल्द रोज तळघरातून बाटली आणायची, आम्ही चाखायचो, थुंकायचो. मी चिडायचे. "तुझ्या वाइनपुढे माझ्या मसाल्यांनी हात टेकले बघ," मी म्हणायचे, आणि ती पोरगी तेवढ्यावर हसायची तरी.

एकदा संध्याकाळच्या जेवणाला मी धुरावरचं सॉसेज तव्यावर टाकलं. मातिल्दचा ग्लास तसाच राहिला होता, तिने सहज घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आत्या, गेलं."

मी सॉसेज खाल्लं, घोट घेतला. खरंच गेलं होतं. नाक-तोंड आधीच धुराने भरलं असलं की धुरावर धूर कळत नाही. आमच्या गावात कुणालाच कळलं नसतं, कारण आम्ही अर्धं वर्ष सगळं वेलींच्या काड्यांच्या धुरावर भाजूनच खातो.

"गोगलगायी," मी म्हटलं.

दर वर्षी लीव्हेन आला की अंगणात गोगलगायी भाजायच्या, हा रिवाजच. छाटणीच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या, निखारे झाले की जाळीवर गोगलगायी पाठीवर ठेवायच्या, मीठ, मिरी, थाइम. मग लांब दांड्याचं लोखंडी नरसाळं लाल करून त्यात डुकराच्या चरबीचा तुकडा टाकायचा, तो पेटतो आणि जळती चरबी थेंब थेंब एकेका शंखात पडते. त्याच निखाऱ्यांवर मग सॉसेज, मग कोकराच्या बरगड्या. सोबत लसूण आणि तेल घोटून केलेली अयोली. अंगण, कपडे, केस, सगळं धुराने भरून जातं. याहून चांगली चादर मला सापडली नसती.

पण काड्या हव्यात. दुसरं लाकूड चालत नाही, ओकचा धूर उग्र होतो आणि लीव्हेनला तो लगेच कळला असता. या हिवाळ्यात आमची छाटणी शेजाऱ्यांनी मशीनने करून दिली, तिच्यात काड्या जागेवरच भुगा होऊन मातीत जातात. गावात आता सगळ्यांचंच तसं. मोळ्या बांधतो कोण? आमच्याकडे जोफ्रे बांधायचा. गेल्या वर्षीच्या त्याच्या मोळ्या पडवीत रचलेल्या होत्या, वाळुंजाच्या ओल्या फोकाने बांधलेल्या. पोरगा डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलटी पडायची. गाल्द्रिक त्याला चिडवायचा, "तुझी मोळी सोडायला आरसा लागतो रे."

"त्या नाही," मी म्हटलं.

"मग कुठल्या?" मातिल्द म्हणाली.

"कुठल्याही. त्या नाही."

"आत्या, त्याच्याच नावाच्या वाइनसाठी लागताहेत ना? त्याने दिल्या नसत्या? तूच सांग."

दिल्या असत्या. सगळ्यात आधी त्यानेच उचलून आणल्या असत्या, आणि वर मला म्हणाला असता, म्हातारे, सरक, तुला पेटवता येत नाही. 

लीव्हेन आला त्या दिवशी वारा पडलेला होता. मी सकाळीच पडवीतून मोळ्या काढल्या. गाठ सोडली नाही मी. काड्या एकेक करून आतून ओढून घेतल्या, की गाठीसकट कडं तसंच राहतं. ती कडी मी एप्रनच्या खिशात टाकत गेले. वाटलं होतं निम्म्या मोळ्या उरतील. वाळलेल्या काड्या त्या, गवतासारख्या जळाल्या, निखारा धरवेना. मातिल्द आणत गेली, मी टाकत गेले, आणि बरगड्या जाळीवर चढेपर्यंत पडवीचा कोपरा रिकामा झाला.

लीव्हेन चांगला माणूस. जोफ्रेच्या मातीला आला होता, तेव्हा माझ्या हातात हात देऊन उभा राहिला होता. आता टेबलाशी बसून शंखात सुई घालत म्हणाला, "मादाम बातिस्तीन, मी वर्षभर हे स्वप्नात खातो."

"स्वप्नात खाऊन एवढं पोट सुटलं?" मी म्हटलं.

"गेंटला सगळे मला विचारतात, तिकडे काय खाता? मी म्हणतो, गोगलगायी आणि शिव्या."

तेवढ्यात गाल्द्रिक जिन्यावरून खाली आला. दाढी केलेली, पांढरा सदरा. कित्येक महिन्यांत तो पाहुण्यांसमोर आला नव्हता. त्याने लीव्हेनचा हात धरला, माझ्या जाळीकडे एकदा बघितलं आणि टेबलाच्या टोकाला बसला. मातिल्दने माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत आनंद होता, खोटं कशाला सांगू. मलाही वाटलं, जमलं.

मातिल्दने जोफ्रेची बाटली फोडली. लीव्हेनच्या ताटात जळक्या चरबीत बुडालेल्या गोगलगायी, ओठाला अयोली, बोटांना काजळी. त्याने ग्लास हुंगला, घोट घेतला, तोंडात फिरवला. मी बरगड्या उलटायला उठायचं विसरले.

"सुंदर," तो म्हणाला. पुन्हा घोट घेतला, मध्ये सॉसेजचा तुकडा खाल्ला. "मातिल्द, खरंच सुंदर. अशा जेवणावर तर... मी सगळी घेतो. सगळी. लोक विचारतील हा जोफ्रे कोण, मी सांगेन त्यांना."

मातिल्दने टेबलाखाली माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

गाल्द्रिक म्हणाला, "ताई, एक सफरचंद आण."

मी म्हटलं, "आत्ता? बरगड्या होताहेत. नंतर चीज—"

"सफरचंद आण."

मी हललेच नाही. तोच उठला, स्वयंपाकघरातून एक सफरचंद आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. खिशातून जोफ्रेचा चाकू काढला, फोड कापली, लीव्हेनपुढे ठेवली. "चूळ भर," तो म्हणाला. "हे खा. दोन मिनिटं काही खाऊ नकोस. मग पी."

"बाबा," मातिल्द म्हणाली.

"तू गप्प बस, पोरी."

लीव्हेनने आमच्या तिघांकडे बघितलं. त्याने चूळ भरली, सफरचंद खाल्लं, थांबला. घोट घेतला, गिळला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आधी काहीच नाही. मग त्याच्या भुवया जवळ आल्या. त्याने ग्लास हळूच खाली ठेवला.

"गाल्द्रिकदादा," तो म्हणाला, "हिच्यात धूर आहे."

"आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नोव्हेंबरपासून रोज पितोय. सकाळी, उपाशी पोटी, खाली पिंपापाशी बसून." तो लीव्हेनशी बोलत होता पण बघत माझ्याकडे होता. "मी त्याला सांगितलं, वेलींत थांब. तो थांबला. जे त्याच्या घशात गेलं ते माझ्याही घशात जायला हवं. म्हणून त्याचं नाव म्हटलं मी. कुणीतरी पिऊन म्हणावं, काय झालं होतं रे तिथे? हे काय आहे? आणि या दोघींनी तिच्यावर गोगलगायी वाढल्या."

 जाळीवर बरगड्या करपत होत्या, मी उठले नाही.

"मला ही कुणाच्या टेबलावर ठेवता येणार नाही, दादा," लीव्हेन म्हणाला.  "झाकून ठेवायची तर तुम्ही नको म्हणताय. न झाकता कोण पिणार?"

"कळतंय मला," गाल्द्रिक म्हणाला. "तू न्यायची नाहीस. ठीक आहे." मग त्याची मान जाळीकडे वळली. वाकून त्याने राखेतून एक अर्धवट जळलेली काडी उचलली, तिच्या छाटलेल्या टोकाचा तिरका काप बघितला. डावखुऱ्याचा काप उलटा पडतो. "काड्या कुठल्या या?"

मातिल्दने तोंड झाकून घेतलं. मीच म्हटलं, "पडवीतल्या."

"किती उरल्या?"

"नाही उरल्या."

त्याने मला शिवी दिली असती, ताट भिरकावलं असतं, तर मी झेललं असतं. त्याने काही केलं नाही. मी एप्रनच्या खिशात हात घातला आणि ती वाळुंजाची कडी टेबलावर ठेवली, सगळी, उलट्या गाठींसकट. माझे हात चरबीने माखलेले होते, कडीही माखली. गाल्द्रिकने एकेक करून ती गोळा केली, रुमालात बांधली आणि जिना चढून वर गेला. लीव्हेन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगणात बसून होता, मातिल्दच्या शेजारी. जाताना माझ्या गालाला गाल लावून गेला.

जूनमध्ये भट्टीचा टँकर आला. जाडी नळी तळघरात सोडली, पंप लावला, आणि वरच्या मळ्याची अख्खी वाइन दुपारच्या आत निघून गेली. मातिल्द गावात निघून गेली होती, तिला बघवलं नाही. गाल्द्रिकने एक लहान पिंप आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. टँकर वळणाआड गेला तेव्हा तो ते पिंप थोपटत म्हणाला, "एवढं मला पुरेल."

मे महिन्यापासून तो माझ्या हातचं खात नव्हता. पाव आणायचा, सफरचंद आणायचा, जोफ्रेच्या चाकूने कापून खिडकीशी बसून खायचा. मी रोज त्याचं ताट वाढायचे, रोज तसंच उचलायचे. मी या घरात दुसरं केलंय काय? दुःख असो, आजारपण असो, मी रांधलं आणि समोर ठेवलं. तेवढंच येतं मला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आमच्या आईने शंभरदा सांगितलं होतं, आणि मी जन्मभर झाकणंच ठेवत आले.

टँकर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली नाही. खाली तळघरात गेले. तो पिंपापाशी स्टुलावर बसला होता, मागच्या खिळ्याला ती कडी टांगलेली. मी दुसरं स्टूल ओढून समोर बसले. त्याने मग दुसरा ग्लास पुसला, भरला आणि पुढे सरकवला.

सवयीने माझा हात त्याच्या पावाकडे गेला. त्याने पाव उचलून आपल्या मागे ठेवला.

मी घोट घेतला. इतके महिने मी ती चाखली होती आणि थुंकली होती, चाखली आणि थुंकली. त्या दिवशी गिळली. आधी बोरं, मिरी, आमचा मळा. मग मागून ते आलं, घशात उतरलं, छातीत बसलं. मला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तोंड धुवावंसं वाटलं, आणि पाणी कुठेच नव्हतं. मी मिरच्या परतत होते तेव्हा जोफ्रेच्या छातीत हे जात होतं.

"कळलं?" गाल्द्रिक म्हणाला.

"कळलं," मी म्हटलं.

त्याने माझा ग्लास पुन्हा भरला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.